कर्जतच्या वड्यात कोण कोण बसलंय?

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली, की डब्यात एकच गलका उडतो. "वडेवाला आला का?" "अहो, सुकी चटणी जरा जास्त टाका!" "सुटे आहेत का कुणाकडे?" पण गाडी काही वड्यांसाठी थांबलेली नसते बरं का! पुढे असतो बोरघाट. तिथल्या रुळांची चढण आहे १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. मोटारीला अशी चढण सहज जमते. पण रूळ गुळगुळीत, चाकंही गुळगुळीत आणि वर शेकडो टनांचं वजन! एकट्या इंजिनाला ते ओढवत नाही. म्हणून कर्जतला बऱ्याच गाड्यांच्या मागे जादा इंजिनं जोडतात. ती गाडीला मागून ढकलत घाटावर नेतात. त्यांना म्हणतात बँकर. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. इंजिनं जोडून होईपर्यंत माणसं डब्यात बसून काय करणार? भूक लागते, समोर गरम घाणा निघत असतो... झाला कर्जतचा वडा प्रसिद्ध!

आज मात्र आपण वडा खायचा नाही, वडा सोडवायचा. एकेक पदार्थ बाहेर काढायचा आणि त्याला दरडावून विचारायचं, "काय रे, तू कुठला?"

डाळीचं पीठ म्हणतं, "मी जुना. हजारो वर्षं याच देशात आहे." हळद म्हणते, "मी तर इथलीच." कोथिंबीर, लसूण आणि मोहरीही पिढ्यान् पिढ्या आपल्या स्वयंपाकघरात नांदलेल्या. पण वड्याच्या पोटातला बटाटा? तो गप्प बसतो. मिरचीही तोंड फिरवते. सुक्या चटणीतले शेंगदाणे तर लपूनच बसतात! कारण हे तिघे फार लांबून आलेत. इतक्या लांबून, की शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीडशे वर्षं कर्जत-खालापुरातल्या कुणी त्यांचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

बटाट्याचं गाव ढगांच्या वर

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची पर्वतरांग आहे. तिच्यात पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,८०० मीटर. आपलं माथेरान साधारण ८०० मीटर उंच. म्हणजे जवळजवळ पाच माथेरानं एकावर एक रचली, की आपण टिटिकाकाच्या काठावर पोहोचणार! तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी. अशा जागी सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसांनी बटाटा लावायला सुरुवात केली.

तो बटाटा आजच्यासारखा गोड स्वभावाचा नव्हता. रानबटाटे लहान, कडू आणि चक्क विषारी असतात. झाडाचाही नाइलाज असतो ना! त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. मग कंद कुरतडणाऱ्या किड्या-प्राण्यांना हाकलायला ते आपल्या कंदात विष साठवतं. आजही बटाट्यावर ऊन पडून तो हिरवा झाला, की त्यात हे विष वाढू लागतं. आजी हिरवा बटाटा बाजूला काढते, ते उगाच नाही.

मग त्या लोकांनी काय केलं? एक तर विशिष्ट प्रकारची माती कालवून बटाटे खाल्ले. मातीचे बारीक कण विषाला धरून ठेवतात आणि ते पोटात भिनत नाही. दुसरं म्हणजे ज्या झाडाचे कंद कमी कडू, त्याचंच बियाणं दरवर्षी जपून ठेवलं. आणि तिसरी युक्ती तर अफलातून! रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, म्हणजे थंडीत ते गोठतात. सकाळी ऊन पडलं, की ते मऊ होतात. मग पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं आणि ते वाळवायचे. असं काही दिवस केलं, की दगडासारखा कडक, हलका बटाटा तयार. त्याला म्हणतात चुन्यो. तो वर्षानुवर्षं टिकतो. फ्रीज नाही, वीज नाही, कारखाना नाही. नुसतं ऊन, थंडी आणि पाय!

याच डोंगरांत पुढे इंकांचं साम्राज्य उभं राहिलं. १४३८ च्या सुमारास पाचाकुती नावाचा राजा गादीवर आला आणि कुस्को या राजधानीभोवतीचं लहानसं राज्य बघता बघता वाढत गेलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे ते सुमारे ४,००० किलोमीटर लांब पसरलं. डोंगर उतारांवर त्यांनी दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली. ३०,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते बांधले. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे घोडे नव्हते, चाकाची गाडी नव्हती आणि आपल्यासारखी लिपीही नव्हती! निरोप पळत नेणारे जासूद ठरावीक अंतरावर उभे असत. हिशेब ठेवायला दोऱ्यांच्या गाठी. कुठल्या रंगाच्या दोरीला, कुठे आणि कशी गाठ मारली, यावरून कोठारात किती माल आहे ते कळे. त्या कोठारांत मक्याबरोबर चुन्योही भरलेला असे. दुष्काळ पडला किंवा फौज निघाली, की कोठारं उघडायची.

एवढं मोठं राज्य टिकलं किती? शंभर वर्षंसुद्धा नाही. १५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो नावाचा स्पॅनिश सरदार अवघे १६८ लोक घेऊन काहामार्का गावात आला आणि त्याने राजा अताहुआल्पाला दगाफटका करून पकडलं. सुटकेसाठी राजाने सुमारे २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देण्याचं कबूल केलं. सोनं आलं, चांदी आली. तरीही १५३३ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. स्पॅनिश लोकांकडे घोडे होते, पोलादी तलवारी होत्या, तोफा होत्या. शिवाय युरोपीय माणसांबरोबर देवीसारखे रोग अमेरिकेत आले होते. तिथल्या लोकांच्या शरीराला या रोगांची ओळखच नव्हती. गावंच्या गावं मेली. त्यातच राज्यात भाऊबंदकी माजलेली होती.

स्पॅनिश लोकांनी सोन्याच्या मूर्ती वितळवून जहाजांत भरल्या. बटाट्याकडे आधी कुणी फारसं बघितलंही नाही. पण आज जगात सगळ्यात जास्त खाल्ल्या जाणाऱ्या पिकांत बटाटा आहे आणि ते सोनं कुठे गेलं, कुणाला ठाऊक!

मिरचीचा धूर

आता मिरची. मन घट्ट करून ऐका: साडेपाचशे वर्षांपूर्वी कर्जतच्या एकाही घरात मिरची नव्हती. ठेचा नव्हता, लाल तिखट नव्हतं, मिसळीवरची तर्री तर दूरच! मग जेवण तिखट कशाने करायचे? मिरी, पिंपळी आणि आल्याने.

मिरचीचं माहेर मेक्सिको. तिथल्या लोकांनी सहा हजार वर्षांहून आधी तिची लागवड सुरू केली. पुढे १३२५ साली अ‍ॅझटेक लोकांनी तिथल्या एका सरोवरातल्या बेटावर टेनोच्टिटलान नावाचं शहर वसवलं. त्याची वस्ती वाढत वाढत दोन लाखांच्या आसपास गेली असावी, असा अंदाज आहे. एवढ्यांना खायला घालायचं तर शेतं हवीत, आणि भोवती तर पाणीच पाणी! मग त्यांनी उथळ पाण्यात काठ्या रोवल्या, त्यांच्यामध्ये गाळ आणि पाणवनस्पतींचे थर रचले आणि वाफे तयार केले. या वाफ्यांना चिनाम्पा म्हणतात. चारी बाजूंनी ओलावा आणि खताला सरोवराचाच गाळ. वर्षातून कितीतरी पिकं निघत.

जिंकलेल्या प्रांतांकडून अ‍ॅझटेक राजा जो कर घेई, त्यात मिरच्यांची पोतीही असत. हे आपल्याला कसं कळलं? १५४१ च्या सुमारास तिथल्या चित्रकारांनी एक चित्रमय पोथी तयार केली. 'कोडेक्स मेंडोसा' असं तिचं नाव. ती आज इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात मुलांना वाढवण्याचीही चित्रं आहेत. एका चित्रात अकरा वर्षांच्या मुलाने आईबापांचं ऐकलं नाही, म्हणून त्याला शिक्षा चालली आहे. कसली? जळत्या मिरच्यांच्या धुरावर त्याला धरलंय! फोडणीत मिरची करपली, की घरभर कसा ठसका लागतो, आठवा. बिच्चारा!

हा ठसका येतो कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे. आपल्या जिभेवर गरम पदार्थाची सूचना देणारी काही टोकं असतात. खूप गरम काही लागलं, की ती मेंदूला कळवतात, "भाजलं!" कॅप्सेसिन नेमकं त्याच टोकांना जाऊन चिकटतं. जीभ भाजलेली नसतेच, पण मेंदू फसतो. नाक वाहू लागतं, घाम फुटतो. वरून पाणी प्यायलं तरी उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. त्यापेक्षा दूध किंवा ताक प्या. त्यातली प्रथिनं कॅप्सेसिनला धरून घेऊन जातात.

पण मिरचीच्या झाडाने हा उद्योग कशाला केला असेल? उंदरासारखे प्राणी बिया चावून टाकतात, मग झाड उगवणार कसं? तिखटाने ते लांब राहतात. पक्ष्यांना मात्र हे तिखट जाणवतच नाही! परसातल्या लवंगी मिरचीवर बुलबुल येऊन लालबुंद मिरची मटकावतो, ते उगाच नाही. बी त्याच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडते आणि दूर कुठेतरी रुजते.

एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार १५१९ मध्ये मेक्सिकोत उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी टेनोच्टिटलान पडलं. पाण्यातल्या त्या शहरावर आज मेक्सिको सिटी उभी आहे.

महडची खिचडी

आता कर्जतहून खालापुरात चला. खोपोलीजवळ महडला वरदविनायकाचं देऊळ आहे. अष्टविनायकांपैकी एक. (चवदार तळ्याचं महाड वेगळं, ते पार दक्षिणेला!) इथलं देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. अंगारकीला इथे केवढी गर्दी! बरेच जण उपास करतात. आणि उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी.

खिचडी सोडवूया? साबुदाणा होतो कसावा नावाच्या झाडाच्या मुळातल्या पिठापासून. कसावा मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीजचा. हिरवी मिरची मेक्सिकोची. बाजूला रताळ्याचा कीस ठेवला असेल, तर तोही अमेरिकेचाच! तूप आणि जिरं वगळलं तर उपासाचं अख्खं ताट समुद्रापलीकडून आलेलं. १७२५ मध्ये देवळाचा पाया घातला तेव्हा ही पिकं भारतात येऊन पोहोचली होती खरी, पण ती इथल्या घराघरांत रुळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. बटाट्याचा प्रसार तर मुख्यतः इंग्रजांच्या काळात झाला.

कसाव्याची गोष्टही बटाट्यासारखीच आहे. त्याच्या कडू जातींच्या मुळांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. तसंच खाल्लं तर माणूस दगावेल! ब्राझीलच्या जंगलातल्या लोकांनी त्यावर उपाय काढला. मुळं किसायची, वेताच्या लांब पिशवीत भरून पिळायची आणि उरलेला चोथा भाजायचा. विष रसाबरोबर निघून जातं, राहिलेलं उष्णतेने उडून जातं. रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं जाण्याच्या हजारो वर्षं आधी!

आणि शेंगदाणा? त्याला तर राजमान्यता होती. १९८७ मध्ये पेरूमधल्या सिपान गावात वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाने एका सरदाराची कबर उकरली. ती मोचे संस्कृतीतली, इंकांच्याही हजारएक वर्षं आधीची. त्या सरदाराच्या गळ्यात हार होता भुईमुगाच्या शेंगांचा. खऱ्या नव्हेत हं! उजव्या बाजूला सोन्याच्या १० शेंगा आणि डाव्या बाजूला चांदीच्या १०. आपण ज्या टरफलं टाकत गाडीत खातो, त्याच शेंगा.

वाऱ्याने काढलेला नकाशा

अमेरिका तिकडे, कर्जत इकडे. मध्ये दोन महासागर. मग ही मंडळी आली कशी? पोर्तुगिजांच्या जहाजांतून, आणि वाऱ्याच्या मर्जीने.

नकाशा उघडा. पोर्तुगालहून भारतात यायचं तर आफ्रिकेचा किनारा धरून खाली जायचं आणि टोकाला वळसा घालायचा, सोपं आहे ना? शिडाच्या जहाजाला मात्र ते सोपं नव्हतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या त्या बाजूला वारे आग्नेयेकडून येतात, म्हणजे नेमके तोंडावर! मग खलाशांनी युक्ती काढली. वाऱ्याशी भांडायचं नाही. पश्चिमेकडे लांब वळसा घ्यायचा, खूप दक्षिणेला जायचं आणि तिथे पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे पकडून आफ्रिकेचं टोक ओलांडायचं. १४९७-९८ मध्ये वास्को द गामा असाच आला आणि कालिकतला पोहोचला. त्याच्यामागून पेद्रो काब्राल १३ जहाजं घेऊन निघाला. त्याचा वळसा इतका मोठा झाला, की २२ एप्रिल १५०० रोजी त्याला समोर जमीन दिसली. ती होती ब्राझील! तिथून तो पुढे निघाला आणि त्याच वर्षी कालिकतला आला. एकाच सफरीत अमेरिका आणि भारत.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पुढे त्यांना मिळे तो आपल्या ओळखीचा नैर्ऋत्य मोसमी वारा. हाच वारा पुढे माथेरान आणि खंडाळ्याच्या डोंगरांवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि कर्जतला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस ओततो. या वाऱ्याची खुबी अरब, आफ्रिकी आणि भारतीय खलाशांना पोर्तुगिजांच्या दीड हजार वर्षं आधीपासून माहीत होती.

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं. आपल्याच रायगड जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला त्यांनी किल्ला बांधला, १५३४ मध्ये वसई घेतली. त्यांच्या जहाजांतून आणि बागांतून अननस, काजू, मिरची, पेरू असे पाहुणे किनाऱ्यावर उतरले आणि घाटवाटांनी आत गेले. वडा ज्यात बसतो तो पाव भाजायची रीतही त्यांचीच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली. पोर्तुगीज गेले, पण मिरची आणि पाव यांना कुणी जा म्हटलं नाही!

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. आपला आंबा पोर्तुगिजांनी ब्राझीलला नेला. पण सगळंच असं गोड नव्हतं, हेही लक्षात ठेवा. ऊस आणि खाणींसाठी युरोपीय व्यापाऱ्यांनी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबलं आणि अमेरिकेकडे नेलं. लाखो माणसं वाटेतच मेली. ज्या जहाजांनी बिया नेल्या, तशाच जहाजांनी बेड्या घातलेली माणसंही नेली.

डोंगरावरची नाचणी

"मग आम्ही अमेरिकेचे वडे खाणार नाही, आपली साधी नाचणीची भाकरी खाऊ!" असं कुणी म्हणेल. खा, खा. पण नाचणीलाही विचारा, "तू कुठली?"

कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या आहेत. खाली खाचरांत भात आणि वर उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. पावसाळ्यात आधी रोपं तयार करायची, मग ती उपटून उतारावर लावायची. भाकरी करायची, आंबील करायची. वरी आपलीच, पण नाचणीचं मूळ गाव पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवर, इथिओपिया आणि युगांडाच्या बाजूला. अरबी समुद्र ओलांडून ती भारतात आली त्याला सुमारे तीन हजार वर्षं झाली! ज्वारी आली सुदानकडून, बाजरी आणि चवळी पश्चिम आफ्रिकेतून, चिंचही आफ्रिकेचीच. म्हणजे वडा, खिचडी अमेरिकेची आणि भाकरी आफ्रिकेची. आता उपाशीच राहायचं का?

नाचणीचा दाणा इतका बारीक आणि टणक, की त्याला सहसा कीड लागत नाही. कणगीत ती वर्षानुवर्षं टिकते. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०. म्हणून बाळाला नाचणीचं सत्त्व देतात.

ज्या पठारावरून ती निघाली, तिथे पुढे अक्सुमचं साम्राज्य झालं. अक्सुमच्या राजांनी स्वतःची सोन्याची नाणी पाडली. एकाच दगडातून घडवलेले प्रचंड स्तंभ उभारले; त्यांतला सगळ्यात मोठा ३३ मीटर लांब होता, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा. त्यांचं बंदर होतं तांबड्या समुद्रावरचं अडुलिस. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात अडुलिस आहे, अक्सुम आहे आणि आपलं सोपारा, कल्याण, चौलसुद्धा आहे! कर्जतवरून वाहणारी उल्हास नदी याच कल्याणपाशी खाडीला मिळते. कल्याणला उतरलेला माल घाटावर नेण्याची एक वाट उल्हासच्या खोऱ्यातून, कोंडाण्याच्या लेण्यांजवळून राजमाचीकडे चढत होती. कर्जत तालुक्यातली ही लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आफ्रिकेच्या पठारावरच्या राजाने भारतीय व्यापाऱ्यांकडे काय काय मागितलं असेल, याचा विचार करत ती लेणी बघा, मजा येईल. इथिओपियातल्या डेब्रे दामो इथे आपल्याकडच्या कुषाण राजांची सोन्याची नाणीसुद्धा सापडली आहेत.

बाजरीच्या मुलखात, पश्चिम आफ्रिकेत, मालीचं साम्राज्य झालं. तिथला राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये मक्केच्या यात्रेला निघाला तेव्हा वाटेत कैरो शहरात त्याने इतकं सोनं वाटलं, की तिथे सोन्याचा भाव पडला! नायजर नदीच्या काठी मालीचे शेतकरी भातही पिकवत. तो आपल्या कर्जत-३ या वाणासारखा नव्हे. आफ्रिकेने स्वतः, वेगळ्या रानगवतातून घडवलेला भात तो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये मालीत गेला. त्याआधी तो भारतात होता आणि दौलताबाद, नंदुरबार या वाटेने गेलाही होता. आपला मुलूख आणि माली दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला माणूस! मालीच्या राज्यात भरड धान्य कुटून, त्यात मध आणि दूध घालून लोक खातात, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

धान्यामागून माणसंही

आफ्रिकेतून इकडे फक्त दाणे आले नाहीत. १५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात तो दख्खनला, अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तोच पुढे मलिक अंबर झाला. निजामशाहीचा कारभार त्याने हातात घेतला, मराठा सरदारांना बरोबर घेऊन गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत गाजली. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला होता, की आपण मलिक अंबरच्या शिरावर बाण मारतोय, असं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात ते कधीच जमलं नाही. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्या काळी उत्तर कोकणाचा आपला भाग निजामशाहीतच होता. आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुरूड-जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं.

मग "आपलं" काय?

इंकांचं राज्य गेलं, अ‍ॅझटेकांचं गेलं. अक्सुम गेलं, माली गेलं. इंका-अ‍ॅझटेकांना हरवणारं स्पॅनिश साम्राज्यही गेलं आणि पोर्तुगिजांचंही गेलं. राहिलं काय? ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत, त्या शेतकरी बायाबापड्यांनी लावलेले शोध. कडू बटाटा गोड करणारी, कसाव्यातलं विष पिळून काढणारी, उतारावर नाचणी लावणारी माणसं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी ती पिकं घेतली, आपल्या मातीला आणि पावसाला जुळवून घेतली, आपल्या फोडणीत घातली. म्हणून वडा आपलाच आहे आणि खिचडीसुद्धा. परक्या बियाण्याला आपलं करणं हाही एक शोधच!

आता तुमचं काम. एका कागदावर तीन रकाने आखा: 'इथलं', 'आफ्रिकेचं', 'अमेरिकेचं'. आठवडाभर घरात शिजणारा प्रत्येक पदार्थ सोडवा आणि त्यातल्या वस्तू योग्य रकान्यात लिहा. टोमॅटो, मका, सीताफळ आणि चिकू विसरू नका. ते कुठे जातील ते तुम्हीच शोधा. आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी नाचणी किती घरांत पिकायची आणि बी कसं साठवायचे. त्यांची उत्तरं लिहून ठेवा, कारण असलं ज्ञान राजांच्या बखरीत सापडत नाही.